आडवी रायफल: गोळी बाजूला जाते ती स्कोपच्या उंचीमुळे नव्हे

'डोंबिवलीचा नेमबाज' या नावाने आलेली प्रतिक्रिया बरीच लांब होती आणि चिडून लिहिलेली होती. उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलेली, 50 मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी बसवलेली, पॉइंट टू टू (0.22 इंची) रायफल उजवीकडे पूर्ण आडवी करून झाडली, तर गोळी 12 सेंटिमीटर खाली आणि तेवढीच उजवीकडे लागेल. त्यावर तुमचे आक्षेप असे. एक, खाली जाईल हे पटतं, पण वारा नसताना ती बाजूला का जावी? गेलीच तर स्कोप नळीच्या जितका वर, तितकीच, म्हणजे फार तर 5 सेंटिमीटर. दोन, तुम्ही कर्जतला मित्राच्या फार्महाऊसवर एअर रायफल आडवी धरून पाहिलीत, तर छर्रा चक्क डावीकडे लागला, खाली जवळजवळ गेलाच नाही. तीन, स्टँडिंगमध्ये मोठमोठे नेमबाज रायफल तिरकी धरतात, त्यांचं काही बिघडत नाही. आणि शेवटी, हिंदी सिनेमातल्या भाईसारखी बंदूक आडवी धरायला पोरांना शिकवू नका.

शेवटचं आधी उरकतो. भाई लोक पिस्तूल आडवं धरतात ते कॅमेऱ्यासाठी. रायफल आडवी करावी लागते ती जमिनीलगतच्या फटीतून नेम धरायचा असतो तेव्हा, जिथे सरळ धरली तर स्कोप फटीच्या वर जातो. प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांत असे अडथळे मुद्दाम ठेवतात. आपल्याकडे वरळीच्या रेंजवर कुणी ते करायला सांगणार नाही, हे मान्य. पण पूर्ण आडवी रायफल नीट समजली की थोडीशी कललेली रायफल आपोआप समजते, आणि ती सगळ्यांचीच कलते.

आता बाजूला का, ते पाहू. सरळ धरलेल्या रायफलीत दृष्टिरेषा वर असते, नळी तिच्या खाली. नळी त्या रेषेला समांतर नसते, किंचित वर रोखलेली असते. झिरो करणं म्हणजे हाच कोन बसवणं. तो कोन दोन गोष्टी भरून काढतो: स्कोपची उंची आणि गोळीची घसरण. पॉइंट टू टूची साधी गोळी सेकंदाला 330 मीटरच्या आसपास वेगाने निघते. 50 मीटर जायला तिला साधारण 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती 12 सेंटिमीटर खाली येते. म्हणजे 5 उंचीचे आणि 12 घसरणीचे, असे मिळून, 50 मीटरवर मोजलं तर, नळी दृष्टिरेषेच्या मानाने 17 सेंटिमीटर वर रोखलेली आहे.

ही रायफल उजवीकडे आडवी करा. नळी आता दृष्टिरेषेच्या डावीकडे 5 सेंटिमीटरवर आली. ते वर रोखलेले 17 सेंटिमीटर कुठे जातील? ते नळीलाच चिकटलेले आहेत, ते आता उजवीकडे रोखले गेले. त्यातले 5 डावीकडून दृष्टिरेषेपर्यंत येण्यात खर्च झाले. उरले 12, ते रेषेच्या पलीकडे. गुरुत्वाकर्षण मात्र आपलं काम खालच्याच दिशेने करतं, त्याला अडवायला आता कुणी नाही. म्हणून 12 खाली. बरोबर कर्ण, घड्याळात साडेचारच्या दिशेला.

आता तुमच्या 5 सेंटिमीटरकडे या. स्कोप 7 सेंटिमीटर उंच बसवा. नळी 19 रोखलेली असेल, त्यातले 7 वजा, उरले 12. स्कोप 4 वर आणा: 16 वजा 4, परत 12. ज्या अंतरावर झिरो केलंय त्या अंतरावर स्कोपची उंची हिशेबातून पुसलीच जाते. उरते फक्त घसरण. उंच माउंटला (स्कोप ज्यावर बसतो त्या पकडीला) दोष देणारे बरेच भेटतात. कललेल्या रायफलीच्या बाबतीत, झिरोच्या अंतरावर, तो बिचारा निर्दोष आहे.

झिरोचं अंतर सोडलंत की उंची परत हिशेबात येते, आणि तुमचा कर्जतचा प्रयोग तिथेच बसतो. रायफल 25 मीटरवर झिरो केलेली आणि छर्रा झाडला सात-आठ पावलांवरून, असं तुम्हीच लिहिलंय. सात-आठ पावलं म्हणजे पाचेक मीटर. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला 250 मीटर धरला तर 25 मीटरवर घसरण 6 सेंटिमीटरच्या घरात, आणि नळी रोखलेली 11. पाच मीटरवर त्या 11 चा पाचवा भाग, म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर भरून निघालेत. नळी मुळात 5 डावीकडे होती, म्हणून छर्रा अजून पावणेतीन सेंटिमीटर डावीकडेच आहे. आणि एवढ्याशा अंतरात घसरण दोन-तीन मिलिमीटर. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. त्याच रायफलीने अकरा-बारा मीटरवर छर्रा रेषा ओलांडेल आणि पंचवीसवर साडेचारच्या दिशेला जाऊन बसेल. फक्त तुमची स्प्रिंगवाली असेल तर गोंधळ वाढतो, कारण ती धरण्याची पद्धत बदलली की एरवीही छर्ऱ्यांची जागा हलते. एक-दोन छर्ऱ्यांवर निकाल लावू नका, पाच-पाचचे गट पाडा. (आणि सात पावलांवर पत्र्याचा डबा ठेवला असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच. छर्रा उलटून येतो.)

स्टँडिंगमधल्या नेमबाजांचं उत्तर सोपं आहे: ते तिरकी धरतात आणि त्याच तिरक्या धरणीत झिरो करतात. आयएसएसएफच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, डायॉप्टर (बारीक भोकातून पाहून धरायचा नेम) असतो, पण भौतिकशास्त्र तेच. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये कांस्य मिळवलं तो 50 मीटर थ्री पोझिशन्सचा प्रकार घ्या. झिरो करताना होता त्यापेक्षा कल फक्त 5 अंशांनी बदलला, तर 12 सेंटिमीटरला 5 अंशांच्या साइनने गुणून येतं तेवढी, म्हणजे 1 सेंटिमीटर, गोळी बाजूला जाते. खाली मात्र अर्धा मिलिमीटरसुद्धा धड नाही. त्या टार्गेटवर एकेका गुणाचा पट्टा 8 मिलिमीटर रुंद असतो. दहाचा नऊ झाला. आणि गोळी सरळ बाजूला गेल्यामुळे माणूस वाऱ्याला शिव्या घालतो, मनगटाकडे बघतच नाही. दहा मीटर एअर रायफलमध्येही तेवढाच कल अर्ध्या गुणाच्या आसपास खातो.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण खरं कामाचं तेच: दुरुस्ती कशी करायची. नेमाने करायची तर क्रॉसहेअर (स्कोपमधल्या जाळीची फुली) टार्गेटच्या साडेदहाच्या दिशेला धरा, 12 वर आणि 12 डावीकडे. स्कोपमधून पाहताना मात्र मेंदू चक्रावतो, कारण जाळीच आडवी झालेली असते. गोळी लागणार ती जागा तिच्या वरच्या-उजव्या भागात दिसते. हल्लीच्या स्कोपांत खालच्या अर्ध्यात खुणांचं अख्खं झाड असतं आणि वरचा अर्धा रिकामा, म्हणजे ते झाड इथे काही कामाचं नाही. चारही बाजूंना सारखे ठिपके असलेला साधा मिलडॉट बरा.

स्कोपच्या घुंड्यांनी करायची तर एका खात्यातून काढून दुसऱ्यात भरायचं. वरच्या घुंडीत घसरणीसाठी ठेवलेले 12 सेंटिमीटर काढून घ्या, आणि तेवढेच बाजूच्या घुंडीवर डावीकडे द्या, कारण आडव्या रायफलीचं 'डावीकडे' म्हणजे खरं 'वर'. 0.1 मिलच्या (मिल हे कोनाचं माप) घुंडीचा एक क्लिक 50 मीटरवर 5 मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडे 24 क्लिक. रायफल डावीकडे आडवी करणार असाल तर वरची घुंडी तशीच खाली, बाजूची उजवीकडे. आधी रेंज ऑफिसरला विचारा आणि टार्गेटमागे मोठा कागद लावा, कारण पहिली गोळी कार्डाच्या बाहेर पडण्याची शक्यताच जास्त. आणि क्लबची रायफल असेल तर जाताना दोन्हीकडचे क्लिक मोजून परत फिरवा. नाहीतर पुढचा माणूस सरळ धरून झाडेल, गोळी 12 सेंटिमीटर खाली आणि 12 डावीकडे जाईल, आणि तो दिवसभर स्कोपचे स्क्रू आवळत बसेल.