लाल ब्रेक आणि उधारीची नाणी

धुळ्यात टायरवाल्याकडे गाडी जॅकवर चढली की बघायला माणसं जमणार, हे धरूनच चालायचं असतं. पण जमलेल्यांपैकी कुणी खिशातून नाणं काढून आपल्या ब्रेकवर ओढेल, हे धरलेलं नव्हतं. पुढचं उजवं चाक नुकतंच निघालं होतं. आतला लाल कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पकडणारा ब्रेकचा चिमटा, उघडा पडला होता. ट्रकच्या आडव्या टायरवर बसलेले एक नाना उठले, वाकले आणि रुपयाच्या नाण्याने त्यांनी त्या लाल रंगावर खर्रकन रेघ मारली.

"स्टिकर नही शे," त्यांनी जमावाला अहिराणीत निकाल ऐकवला. "रंग शे."

जमावाचं समाधान झालं. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

गाडी स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस 245. भारतात 2020 साली अशा 200 च आल्या. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, 245 पीएस ताकद, 370 न्यूटन मीटर टॉर्क. हे आकडे सांगताना छाती फुगते, पण खरा आकडा टायरवर लिहिलेला असतो: 225/40 आर 18. 18 इंची रिम, 225 मिलिमीटर रुंद टायर, आणि 225 चे 40 टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 90 मिलिमीटर रबर. एवढ्याशा भांडवलावर खान्देशात फिरायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे ताशी 25 ने गाडी त्यावरून निमूट जावी. आपल्याकडे गावात कुणाची शेळी गाडीखाली आली की त्याच रात्री ट्रॉलीभर मुरूम आणि उरलेलं डांबर पडतं. उंची तीच किंवा जास्त, रुंदी हातभर. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. दिवसा बाभळीच्या सावलीत तो दिसत नाही आणि रात्री तर विषयच नाही. असल्या एकाने माझ्या रिमची आतली कड वाकवली. तक्रार कुठे करायची? तो बांधला कुणी हेच कुणाला ठाऊक नसतं. विचारलं तर म्हणतात, "पहिलेपासूनच शे."

तर 18 इंची चाकांची हौस पुरे, 17 घालायची असं ठरलं. हिशेब सोपा आहे. 225/45 आर 17 घेतला की रबराची उंची 101 मिलिमीटर होते आणि चाकाचा एकूण व्यास 637 वरून 634 वर येतो. स्पीडोमीटरला अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. फक्त टायरवरचा भारांक बघायचा. मूळ 18 च्या टायरवर 92 असतो, म्हणजे एका टायरला 630 किलो. 17 मध्ये दुकानदार सहज हाताशी असलेला 91 काढून देतो, म्हणजे 615. मागायचा तो 94, एक्स्ट्रा लोडवाला, 670 किलोचा.

पण इंच कमी करायचा असेल तर चाकाच्या आधी ब्रेक बघावा लागतो, आणि इथेच नाना आडवे आले.

नाना एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं पंक्चर काढायला आलेले. पंक्चर कधीच निघालं होतं, नाना निघाले नव्हते.

"कितलानी शे गाडी?"

मी किंमत जरा खालच्या आवाजात सांगितली. नानांनी ती मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितली. मग कॅलिपरच्या मागून बोट फिरवलं, चाचपलं.

"पिस्टन एकच!" नाना सरळ उभे राहिले. "भो, मना नातूनी फटफटीले बी एकच शे."

जमाव हसला. टायरवाल्याचा पोऱ्या तर पाना खाली ठेवून हसला. संताप याचा, की नानांचं बोट बरोबर जागी गेलं होतं. ब्रेक ओळखायची रीत तीच. डिस्कच्या आतल्या बाजूलाच पिस्टनचा फुगवटा असेल, बाहेर नुसता पंजा असेल आणि मागे रबरी टोप्या घातलेल्या दोन पिना असतील, तर तो सरकता कॅलिपर. पिस्टन आतला पॅड दाबतो, त्याच्या उलट रेट्याने सगळा सांगाडा पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टनचे फुगवटे असतील आणि सांगाडा जागचा हलत नसेल, तर तो स्थिर कॅलिपर. चार किंवा सहा पिस्टनचा. या आरएसचा लाल ब्रेक सरकताच असतो, कंपनीतूनच. रंगाचा आणि पिस्टनांचा काही संबंध नाही. पण डिस्क केवढी, तिच्यात वारा खेळतो की नाही, पॅड कुठला, हे सगळं सोडून नुसते पिस्टन मोजणं म्हणजे पगडीच्या वेढ्यांवरून माणसाची अक्कल मोजण्यासारखं आहे. हे मी समजावून सांगायला लागलो.

"आमनी एसटीले हवाना ब्रेक," नाना मध्येच म्हणाले. "हवा गई ते गाडी जागवर उभी. तुनी तेलवाली. तेल गये ते?"

"तेल गेलं तरी नाना, दोन वेगळी सर्किटं असतात. एक गेलं तर दुसऱ्यावर अर्धा ब्रेक राहतो."

"आनि उरेल अर्धं?"

"..."

"उरेल अर्धं देव देखस," नानांनी वाक्य पुरं केलं, आणि जमावाने मान डोलावली. हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक लागतो, हे नानांचं खरंच आहे. पण जड बसचा ब्रेक आणि माझ्या गाडीचा ब्रेक यांची अशी गाठ घालून देणाऱ्याशी वाद घालायचा कुठून? मग नानांचं बोलणं बिजासन घाटाच्या उतारावर आलं. वरूनच खालचा गिअर टाकायचा, पाय ब्रेकवर ठेवून उतरायचं नाही, ब्रेक तापले की पेडल असूनही नसल्यासारखं होतं. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता आणि त्यामुळे माझी चिडचिड आणखी वाढली.

नानांच्या संशयाला कारणही होतं. त्याच दुकानाच्या भिंतीवर लाल प्लास्टिकची कॅलिपर कव्हरं लटकत होती, वर नामांकित ब्रेक कंपनीचं नाव. ती चिकटवून पोरं मिरवतात. काही महाभाग तर मागच्या ड्रमवरसुद्धा लावतात. स्पोकमधून बंद वाटीसारखा डबा दिसतोय आणि त्यावर लाल कॅलिपर! कव्हराने उष्णता कोंडते आणि पॅड किती उरला तेही दिसेनासं होतं. स्वस्तात मस्त मूर्खपणा.

आता मोजमाप. याच पिढीच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये पुढच्या डिस्क दोन मापांच्या सापडतात: 312 मिलिमीटर व्यासाची 25 जाडीची, आणि 340 ची 30 जाडीची. 340 असेल तर 16 इंची चाक विसरायचं, आणि 17 मध्येही प्रत्येक चाक बसेलच असं नाही. म्हणून मॉडेलच्या नावावर जायचं नाही. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात आणि सर्व्हिस बुकात कोडांची चिठ्ठी असते. 1Z किंवा 1L ने सुरू होणारा कोड पुढच्या ब्रेकचा, 1K ने सुरू होणारा मागचा. लायनर, म्हणजे पॅड, मागवताना हाच कोड सांगायचा. चिठ्ठी फाटली असेल तर टेप लावायची.

व्यास टेपने कळतो, जाडी फसवते. डिस्क जिथे घासते तिथे झिजते, पण अगदी कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली धार उरते. जाडी मोजायच्या व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्कसुद्धा नवी दिसते. युक्ती अशी: धारेच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरायचं, नाण्यांसकट मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. माझ्याकडे सुट्टे नव्हते. हल्ली कुणाकडेच नसतात, सगळे फोन दाखवतात. अख्ख्या जमावात नाणी फक्त एका माणसाकडे होती.

"काय मोजी राह्यना भो?"

"डिस्कची जाडी, नाना. जरा दोन नाणी द्या."

नानांनी दोन नाणी दिली आणि शेवटपर्यंत नजर डिस्कवर नव्हे, नाण्यांवर ठेवली. 340 च्या डिस्कला 27 मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. डिस्कवर किमान जाडी कोरलेलीही असते, गंज पुसला की दिसते. माझी 28 च्या वर भरली. मी वहीत आकडा टिपत होतो तेवढ्यात नानांनी नाणी काढून घेतली, उलटसुलट बघितली आणि खिशात टाकली.

मागचा ब्रेक बघताना पोऱ्या म्हणाला, "लायनर बदलायचे का? सी क्लॅम्पने दाबून देतो." तेवढ्याच गोष्टीला मी जोरात नाही म्हणालो. मागचा पिस्टन हातब्रेकच्या केबलवाला असेल तर तो फिरवत फिरवत आत बसवावा लागतो. नुसता दाबला की आतली यंत्रणा जाते. बटणाचा हातब्रेक असेल तर आधी स्कॅनर लावून पिस्टन मागे घ्यायला सांगावं लागतं. तरी पोऱ्याने क्लॅम्प हातातून सोडला नाही.

टायरवाल्याने गोदामातून 17 इंची मॅगव्हील, म्हणजे अलॉयचं चाक, लोळवत आणलं. चकाचक, काळं. पाच भोकं, 5 × 112, म्हणजे बोल्टचं वर्तुळ जुळत होतं. त्याने दोन बोल्ट लावून दाखवले. "बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं, साहेब."

"बसनं," नानांनी अनुमोदन दिलं.

चाकाच्या मागच्या बाजूला बघितलं. 8 जे, ईटी 35. जे म्हणजे रिमची इंचातली रुंदी; ईटी म्हणजे चाकाच्या मध्यापासून त्याची बसायची बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते, आणि ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ चाक 7.5 जे, ईटी 51. अर्धा इंच जास्त रुंदी दोन्हीकडे वाटली तर बाजूला 6.35 मिलिमीटर; ईटीतला फरक 16. म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला 22 मिलिमीटर पुढे येणार, मडगार्डच्या बाहेर डोकावणार आणि भरल्या गाडीत खड्ड्यात आपटलं की टायर कापणार. मधलं भोक 66.5, माझ्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, हवं 57.1. असं चाक हबवर नेमकं मध्ये बसत नाही. अॅल्युमिनियमची रिंग टाकली तर बसतं, प्लास्टिकची टाकली तर ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते. तिसरी गोष्ट बोल्टची. या गाडीच्या बोल्टची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलची शंकूची. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घातला की दोन्ही एका बारीक रेघेवर टेकतात. आज घट्ट वाटतो, उद्या ढिला होतो. शिवाय बोल्टाचे पुरेसे आटे आत गेले पाहिजेत. टायरवाल्याने चारच फेऱ्यांत "झालं" म्हटलं होतं.

हे सगळं ऐकून टायरवाला म्हणाला, "मग जुनंच गरम करून ठोकून देतो ना!" अलॉयची ताकद कारखान्यात दिलेल्या तापाच्या प्रक्रियेने येते. गॅसची ज्वाला लावली की ती उतरते. दिसायला गोल, आतून नरम. नको.

शेवटी कोपऱ्यातून कुणाच्या तरी गाडीची उतरवलेली कंपनीची चाकं निघाली. 17 इंच, 7.5 जे, ईटी 49, भोक 57.1, बैठक गोलाकार. कागदावर सगळं जुळत होतं. पण स्पोक कॅलिपरला घासतो की नाही ते कागदावर कळत नाही. ते स्पोकच्या वळणावर असतं, ईटीच्या आकड्यात नसतं. मी शेजारच्या ढाब्यातून कणकेचा गोळा मागवला.

"कणीक कसाले?" नाना टायरवरून उठले. "गाडीले पोळ्या खावाडस का?"

गोळा कॅलिपरच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावर आणि वरच्या टोकाला थापला, चाक बसवलं, बोल्ट हाताने आवळले आणि सावकाश एक फेरा दिला. चाक काढल्यावर कणीक जितकी दबून उरली तितकी फट. स्पोककडे चारेक मिलिमीटर, आतल्या बाजूला थोडी जास्त. तीनच्या खाली गेली असती तर चाक परत केलं असतं. नानांनी दबलेली कणीक बोटाने मोजली आणि पहिल्यांदाच गप्प बसले. ते गप्प बसणं फार टिकलं नाही.

कारण पुढचा घोळ बॅलन्सिंगचा. चाक मोकळं फिरलं म्हणून सगळे खूश, आणि पोऱ्याने चिकटवायची शिशाची वजनं बरोबर कॅलिपरच्या वर येतील अशी लावली. गाडी ढकलताच टक, टक, टक. "सांगेल व्हतं मी," नाना म्हणाले. त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं. वजनं काढून आतल्या कडेला लावली, परत मशीनवर चढवली.

मग पोऱ्याने हवेच्या गनने बोल्ट टर्रर्र करून आवळले. मी सगळे सैल केले, चांदणीच्या क्रमाने हाताने बसवले, चाक जमिनीला टेकवलं आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलातल्या आकड्याला क्लिक होईपर्यंत आवळले. गनने आवळलेला बोल्ट किती घट्ट झाला ते कुणालाच कळत नाही. रात्री हायवेवर पंक्चर झालं की तो निघतच नाही.

बिल आलं. त्यात फिटिंगचे पैसे दोनदा. विचारलं तर म्हणाला, "दोनदा खोललं ना, साहेब." खाली वेगळ्या ओळीत: कणीक, 20 रुपये. पन्नासएक किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. ते मी घरी करणार आहे, फाटक आतून लावून.