समजून घेणं म्हणजे पोटात घालणं नव्हे

ताई, लैंगिक अत्याचार करणाऱ्यांच्या विचारांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘नराधमांच्या मनात काय चालतं ते कशाला सांगता? समजून घेता घेता त्यांचे गुन्हेच पोटात घालाल. आणि विचार सुधारले की माणूस सुधारतो, हा तर निव्वळ भाबडेपणा,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग मला परका नाही.

समुपदेशनाला आलेली एक तरुणी आठवते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बोलत होती. लहानपणी अत्याचार करणाऱ्या नातेवाइकाला तिने मोठेपणी जाब विचारला, तर तो म्हणाला, ‘तू तेव्हा काही बोलली नाहीस.’ तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आपण का बोललो नाही, हेच ती इतकी वर्षं स्वतःला विचारत होती.

आपल्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या संमतीला अर्थच नाही, पण घराघरांत ‘तू बोलली नाहीस’ हे वाक्य अजून खपतं. ते त्या माणसाच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ जीन एबल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्यांच्या नेमक्या अशा समजुती नोंदवल्या: मूल प्रतिकार करत नाही, म्हणजे त्याची ना नाही. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ डायना स्कली आणि जोसेफ मारोला यांनी व्हर्जिनियाच्या तुरुंगांतल्या ११४ बलात्काऱ्यांच्या मुलाखतींवरून लिहिलं. त्यात दारूचं पाहा. गुन्हा कबूल करणारे म्हणत, मी प्यायलो होतो, भान नव्हतं. नाकारणारे बोट दाखवत ते तिच्या पिण्याकडे. दारू एकच, एकाला ती सुटका देते, दुसरा ती बाईच्या माथी मारतो. हे ओळखता आलं नाही, तर पोलीस ठाण्यात, कोर्टात, आपल्याच बैठकीच्या खोलीत आपण या सबबींना माना डोलावत राहू.

भाबडेपणाबद्दल मात्र तुमचं खरं आहे, ‘विचार सुधारले की माणूस सुधारतो’ हे माझं वाक्य मी मागे घेते. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत अशा विकृत विचारांवर काम करणारा उपचार वर्षानुवर्षं चालला. २०१७ च्या सरकारी मूल्यमापनात उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं दिसलं. न घेतलेल्या तशाच कैद्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. तो कार्यक्रम बंद झाला. सबब काढून घेतली की गुन्हा थांबतो, असं सरळ गणित नाही.

त्या मुलीला मी एबल यांच्या नोंदींबद्दल सांगितलं. तिने ओढणी सोडली आणि विचारलं, ‘म्हणजे हे वाक्य सगळेच बोलतात?’