आजीच्या पूजेच्या ताटातली मराठी

परवा एकादशीला घरी होतो. आजी पूजेचं ताट मांडत होती. हळद, कुंकू, अबीर, गुलाल, बाजूला तेल घातलेली समई. तेवढ्यात काकांनी मोबाईलवर आलेला मेसेज मोठ्याने वाचला: धर्म वाचवायचा असेल तर मराठीतून अरबी-फारसी शब्द काढून टाका, भाषा शुद्ध करा.

मी तत्त्वज्ञान शिकतो. कुणी ‘शुद्ध’ म्हटलं की आधी विचारायचं, म्हणजे नेमकं काय? ताटाकडेच बघितलं. अबीर अरबी. गुलाल फारसी. समईच्या मुळाशी अरबी ‘शमा’. एवढंच कशाला, ‘हिंदू’ हाही सिंधूचा इराणी उच्चार.

काकांचं म्हणणं मी सगळंच उडवून लावत नाही. यातले बरेच शब्द सत्तेबरोबर आले, दफ्तरातून घरात शिरले. दरबारात कोणाची भाषा चालते यावरून राज्य कोणाचं ते कळतं. म्हणून तर 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण पुढे काय झालं? पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ केलं, शिक्क्यावर ‘प्रधान’ आलं, आणि लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, असं तत्त्वज्ञ विट्गेनस्टाईन म्हणतो. आजीचा अबीर विठोबाचा आहे. त्याचं मूळ गाव कोणतं, याने तिच्या भक्तीत तसूभरही फरक पडत नाही.

मला खरी भीती वाटते ती ‘शुद्ध’ या शब्दाची. आज भाषेला लावतोय तो शब्द आपण माणसांना आधीच लावून झालाय. चोखोबांच्या नावाने गातात त्या अबीर-गुलालाच्या अभंगात रंगाची उधळण आहे आणि लगेच गाऱ्हाणंही आहे, की आम्ही जातिहीन, उंबरठ्याला शिवायचं कसं? त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, देवळाबाहेर. तेच देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. मध्ये सहाशे वर्षं गेली! हा अभंग आपण डोळे मिटून, टाळ्या वाजवत म्हणतो. त्या ओळीशी थांबत नाही.

त्या दिवशी आजीची पूजा मोडायला नको म्हणून गप्प बसलो. काका, हे वाचलंत तर फोन करा. मला तुमच्याशी यावर नीट बोलायचंय.