आधी जॅकेट घाला, मग होडीत बसा

मेमोरियल डे, म्हणजे युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मरणाचा मे महिन्यातला शेवटचा सोमवार, जवळ आला की आपल्या ग्रुपवर दोनच विषय रंगतात. जमायचं कुणाकडे आणि कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, भाड्याने कुठून घ्यायच्या. इतकी वर्षं मीही त्यातच होतो. यंदा मात्र कळकळीने सांगतो, तलावावर जायच्या आधी मुलांना डॉर्चेस्टर जहाजाची हकिकत सांगा.

3 फेब्रुवारी 1943, दुसरं महायुद्ध चालू होतं. 900 च्या वर माणसं घेऊन हे अमेरिकी जहाज ग्रीनलंडच्या वाटेवर होतं. जर्मन पाणबुड्यांची भीती होती, म्हणून झोपतानाही कपडे आणि लाइफ जॅकेट अंगातच ठेवायचा कॅप्टनचा हुकूम होता. पण खाली इंजिनाची धग, त्यात ते जॅकेट अंगाला बोचायचं. कित्येकांनी काढून ठेवलं. मध्यरात्र उलटल्यावर टॉर्पेडो बसला आणि वीसेक मिनिटांत जहाज तळाला गेलं. पाणी गोठायच्या बेतात होतं. जेमतेम 230 माणसं वाचली.

जहाजावर चार धर्मगुरू होते. फॉक्स मेथडिस्ट आणि पोलिंग डच रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ), गूड ज्यू रब्बी आणि वॉशिंग्टन कॅथलिक. त्यांनी पेटीतली जॅकेटं वाटली. ती संपली तेव्हा अंगातली काढून समोरच्याला दिली. घेणारा कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते कलत्या डेकवर, हातात हात गुंफून प्रार्थना म्हणताना.

मदतीला आलेल्या तटरक्षक दलाच्या एस्कनाबा बोटीवरून दोर टाकले, पण पाण्यातल्यांची बोटं इतकी बधिर झाली होती की दोर हातात असून धरता येईना. मग कमरेला दोरी बांधून, रबरी सूट घालून बोटीवरचेच काही जण पाण्यात उतरले आणि एकेकाला दोर बांधून वर पाठवत राहिले. मेल्यासारखे दिसणारेही त्यांनी सोडले नाहीत, आणि त्यातले बरेच जिवंत निघाले. मदतीला आलेल्या दुसऱ्या, कोमांची बोटीवरचा चार्ल्स डेव्हिड हा कृष्णवर्णीय खलाशीही असाच पाण्यात उतरला. पुढे तो न्यूमोनियाने गेला. एस्कनाबा स्वतः त्याच वर्षी जूनमध्ये बुडाली. तिच्यावरचे फक्त 2 जण वाचले.

ते दोर न धरता येणं म्हणजे काय, हे मला या महिन्यात कळलं. मुलीबरोबर थंड पाण्यातल्या बचावाचा एक दिवसाचा वर्ग केला. काठावर जॅकेटचं बकल लावायला दोन सेकंद लागले. पाण्यात उतरताच छाती आवळली, श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा आत ओढला गेला. तेव्हा तोंड पाण्याखाली असतं तर संपलंच होतं. आठेक मिनिटांनी शिक्षिका म्हणाल्या, "आता बकल लावा." मला बकल दिसत होतं, बोटं त्यावर होती, पण दाबच येईना. शेजारी मुलगी दोन्ही तळव्यांनी तेच करत होती. तिचे ओठ निळे पडले होते.

तिथे शिकवलेला हिशोब सोपा आहे: 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचा, पोहायचं नाही. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर निघायचं किंवा उलटलेल्या होडीवर चढायचं. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो, पण जॅकेट असेल तरच तो तास मिळतो. निघता येत नसेल तर गुडघे छातीशी घेऊन गप्प तरंगायचं, चौघं असतील तर एकमेकांना बिलगून. बाहेर काढलेल्या माणसाला चालवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. आडवं ठेवून ओले कपडे काढायचे आणि हळूहळू ऊब द्यायची.

"मला उत्तम पोहता येतं" हे उत्तर मला पटत नाही. मे महिन्यात ऊन चटका देतं, पण तलावाचं पाणी अजून हिवाळ्यातून बाहेर आलेलं नसतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात तिथे दहा मिनिटांत थकतात. आणि सीटखाली कोंबलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. गेल्या वर्षी आमची चारही जॅकेटं सीटखालीच होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

सोमवारी दुपारी 3 वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता पाळतात. तेव्हा आम्ही काठावर उभे असू. मुलीने चार धर्मगुरूंची नावं पाठ केली आहेत, ती म्हणेल. डेव्हिडचं नाव मी घेईन. मग एकमेकांचे पट्टे ओढून बघू आणि होड्या पाण्यात ढकलू.