मोठ्या कंपनीत नांदायला जाताना

सर्वप्रथम अभिनंदन! ऑफर लेटर आलं, आईने देवापुढे साखर ठेवली, आणि सोसायटीतल्या काकांनी "पॅकेज किती?" हे तुमच्या वडिलांना जिन्यातच विचारून घेतलं. आता तुम्ही हिंजवडीचे. नांदणं सोपं जावं म्हणून चार गोष्टी कानावर घालतो.

पॅकेजच्या आकड्यावर जरूर प्रेम करा, पण तो खात्यात शोधू नका. त्यात तुमचा पीएफ आहे आणि कंपनी भरते तो पीएफही बहुधा त्यातच धरलाय. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या 4.81 टक्के आहेत; ते मोजले जातात पहिल्या दिवसापासून, आणि पर्मनंट माणसाच्या हाती पडायला सलग 5 वर्षं काढावी लागतात. उरला व्हेरिएबल पे. तो कंपनी, युनिट आणि तुम्ही अशा तिघांच्या कामगिरीवर ठरतो, आणि तिघांपैकी एक जण दरवर्षी नापास होतोच. राज्य सरकार व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 रुपये कापतं, फेब्रुवारीत मात्र 300. सगळ्यात छोट्या महिन्यात कापणी मोठी, पण तेवढं चालायचंच.

तरीही सॅलरी स्लिपला नावं ठेवू नका. स्वतःचा चांगला चालता धंदा असलेला तुमचा मामेभाऊ रिटर्न्सची फाइल घेऊन घरकर्जासाठी बँकेत खेटे घालत असतो. तुम्ही तीन स्लिपा दाखवल्यात की साहेब चहा मागवतात आणि पुढची वीस वर्षं तुम्हाला कुठे हलता येणार नाही याची सोय करून देतात. आई-वडिलांसाठी ग्रुप मेडिक्लेम मिळाला तर तो मात्र डोळे झाकून घ्या. वडिलांचा जुना मधुमेह बाहेरच्या पॉलिसीत वर्षानुवर्षं ताटकळतो, इथे बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून चालतो. हे उपरोधाने म्हणत नाही. या एका कार्डापायी कितीतरी राजीनामे ड्राफ्टमध्येच राहिलेत.

ऑफिसला वेळेवर निघा. भूमकर चौकात तासभर गेला तरी कुरकुर नको, सकाळचा कॉल तिथूनच घेता येतो. पुढे फेज थ्रीला पोहोचून, कार्ड स्वाइप करून, हेडफोन लावून चेन्नईच्या आणि टेक्सासच्या माणसांशी बोलायचं. एकत्र बसून काम केल्याने टीममध्ये जिव्हाळा वाढतो, असं वरून आलेल्या मेलमध्ये स्पष्ट म्हटलंय.

आता खुर्ची. तुमच्या खुर्चीचं चाक निखळेल. पलीकडे तीन रिकाम्या खुर्च्या दिसतील, त्यांना हात लावू नका. त्या दुसऱ्या कॉस्ट सेंटरच्या, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या खर्चखात्यातल्या आहेत. तिकीट टाका. ते फॅसिलिटीजकडे जाईल, तिथून तुमच्या मॅनेजरच्या अप्रूव्हलला येईल, मॅनेजर रजेवर असेल, आणि त्याच्या जागी ज्याचं नाव आहे त्याने कंपनी सोडून दिवाळी उलटली असेल. चौथ्या दिवशी मेल येईल, 'तुमची तक्रार दूर झाली आहे', आणि पाठोपाठ आमची सेवा कशी वाटली, किती तारे द्याल? उरलेल्या चाकांवर तोल सांभाळत पाचच्या पाच द्या. तीन दिलेत तर खुलासा द्यावा लागतो तो बिचाऱ्या कंत्राटी पोराला, ज्याला तुमच्या निम्माही पगार नाही आणि ज्याच्या हातात खुर्ची सोडा, एक चाकही नाही.

हेच इथलं खरं मर्म आहे बघा. नाही कुणीच म्हणत नाही, आणि करतही कुणी नाही. सगळे गोड बोलतात, निर्णय नेहमी वरच्या मजल्यावर होतो. त्या मजल्यावर गेलात तर तिथली माणसंही अमेरिकेकडे बोट दाखवतात. चिडू नका, शिका. "चेक करून कळवतो" हे वाक्य शांतपणे म्हणता येऊ लागलं की तुमचं प्रोबेशन खऱ्या अर्थाने संपलं. ज्या छत्रीखाली बाकीचे उभे आहेत, तिच्याखाली तुम्हालाही जागा आहे.

अप्रेझलला याचा प्रत्यय येईल. वर्षभर रात्री जागून काढलेले रिलीज सेल्फ-अप्रेझलमध्ये नीट लिहा; वाचणार कुणी नसलं तरी शुद्धलेखन सुधारतं. मग मॅनेजर खोलीत बोलावून आवाज खाली आणून सांगेल, "मी तुझ्यासाठी खूप फाइट केली रे, पण नॉर्मलायझेशनमध्ये खाली आलं." माणसांना टक्केवारीत बसवण्याचा हा खेळ जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी गाजवला: 20 टक्के वरचे, 70 मधले, 10 घरी. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये आपल्याकडचा तसाच प्रकार बंद केला. आपल्याकडे बेल कर्व्ह, म्हणजे ठरल्या टक्केवारीने रेटिंग वाटणं, नाहीच, असं तुमची एचआर दरवर्षी टाउनहॉलमध्ये सांगते. फक्त कुठल्याही टीममध्ये दोन जणांना एकदम वरचं रेटिंग आजवर मिळालेलं नाही, हा निव्वळ योगायोग.

एवढं करूनही जीव रमला नाही तर राजीनामा टाका. वर्षभर नसलेलं बजेट त्याच संध्याकाळी सापडेल. त्याला भुलला नाहीत, तर 90 दिवसांची नोटीस भरा. त्या काळात नव्या कंपनीची एचआर दर आठवड्याला फोन करेल, "सर, थोडं लवकर नाही का होणार? आम्हाला 30 दिवसांतच माणूस हवाय." तिचं ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचा. नोटीस पिरियड: 90 दिवस.