पिवळी वायर सगळ्यात शेवटी बघावी

आखातातल्या मामांनी चवथीला, म्हणजे गणपतीला, येताना नवाकोरा डीव्हीडी प्लेअर आणला आणि टीव्हीवर काही म्हणजे काही दिसत नाही? घाबरू नका. आधी खोक्यातली माहितीपुस्तिका काढा आणि स्वयंपाकघरात देऊन टाका. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून काढायला कागद लागतोच. शिवाय पुस्तिका निम्मी इंग्रजीत, निम्मी अरबीत. ती वाचून तुमचा अनुभव वाया घालवू नका.

मग वायरी. पिवळी, तांबडी, पांढरी अशा तीन पिना आणि टीव्हीच्या पाठीला त्याच तीन रंगांची भोकं. रंगाला रंग जुळवणं हे बालवाडीतलं काम, तुमच्या वयाला शोभत नाही. टीव्ही पुढे ओढायचा नाही. गाल त्याच्या कडेला टेकवा, हात मागे घाला आणि डोळे मिटून चाचपत पिना खोचा. पिवळी पांढऱ्या भोकात गेली की पडदा निळाच राहतो आणि स्पीकर घर्रर्र करतो, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेला लागलेला असतो. तुम्ही मात्र म्हणायचं, "व्होल्टेज नाही." चवथीच्या दिवसांत गोव्यात हे वाक्य कुणी खोडून काढत नाही. लगोलग फोंड्याला जाऊन स्टॅबिलायझर आणा. आता घर्रर्र स्थिर दाबाने येईल.

तुमचा भाचा तुम्हाला म्हणेल, "मामा, टीव्ही एव्हीवर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या यंत्राच्या चॅनलवर, घेतलाय का?" त्याला अभ्यासाला बसवा.

एवढ्यात चुकून चित्र आलंच, तर रिमोटवरचं, नव्या टीव्हींसाठी असलेलं, पी-स्कॅन असं लिहिलेलं बटण दाबून बघा. जुन्या पेटाऱ्या टीव्हीला ते झेपत नाही. चित्र फाटतं किंवा साफ जातं, आणि ते परत आणायचं म्हणजे पडद्यावर काही दिसत नसताना अंदाजाने बटणं दाबायची. इथे घरातल्या प्रत्येकाला एकेक पाळी द्यावी.

पुढची पायरी चकतीची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली नको, चांगली दुकानातून पावती घेऊन आणलेली घाला. प्लेअर म्हणेल, ही चकती या प्रदेशात चालणार नाही. डीव्हीडीवाल्यांनी अख्ख्या जगाचे 6 तुकडे पाडलेत. भारत 5 नंबरात, आखात 2 नंबरात. पोर्तुगीज गोव्याची पत्रादेवीची सरहद्द 1961 मध्ये पुसली गेली, पण मामांच्या या डब्याच्या पोटात तपासणीचे नाके अजून शाबूत आहेत आणि इथली चकती तिथे परदेशी ठरते. यावर मामांना "स्वस्तातला आणला वाटतं?" एवढंच विचारायचं. ते म्हणतील, "तिथे झकास चालत होता!" दोघंही खरं बोलत असल्यामुळे हे भांडण विसर्जनापर्यंत सहज पुरतं.

मध्ये शेजारचे काका छत्री झटकत येतील. "कितें जालें रे?" सांगू नका; त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. ते चकती काढतील, तिच्यावर हा करून फुंकर मारतील आणि लुंगीच्या टोकाने गोल गोल पुसतील. मधून कडेकडे सरळ पुसायची असते, गोल ओरखडा उठला की वाचणारा लेझर त्याच रेषेत अडकून बसतो. पण वडीलधाऱ्यांना शिकवू नये. आपल्या दमट हवेत भिंगावर बाष्प धरतं, तेव्हा प्लेअर चकती न घालता तास-दोन तास नुसता चालू ठेवला तर तो आपोआप वाळतो. पण नुसतं बसून राहणं याला दुरुस्ती कोण म्हणेल? स्क्रू-ड्रायव्हर आणा. झाकण उघडताच वॉरंटी गेली, म्हणजे दुकानदाराचं तोंड बघायची कटकटही गेली. नाहीतरी ते दुकान दुबईला.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे दमून बसले की भाचा टीव्हीमागे जाईल आणि पिवळी पीन पिवळ्या भोकात घालेल. चित्र येईल. "हात लावू नको म्हटलं होतं ना!" असं त्याच्यावर ओरडायला विसरू नका. मग नेवऱ्यांचा डबा पुढे ओढा. तळाशी बिघाडांचं पान असेल. पहिल्याच ओळीत लिहिलंय, चित्र दिसत नसल्यास पिवळी वायर तपासा. तेलाने पान आरपार झालंय, त्यामुळे पाठीमागची अरबीही तितकीच स्वच्छ दिसते.