"चीन कुणाच्या भानगडीत पडत नाही" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, कॉलेजच्या आणि भावकीच्या. लांबलचक आहे पण थोडक्यात असा: चीननं हुकूमशाहीच्या जोरावर 40 वर्षांत गरिबी हटवली, तो कुणाच्या भानगडीत न पडता फक्त धंदा करतो, तिथली जनता खूश आहे, अमेरिका तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे, आणि उद्या चीन एक नंबर झाला तर आपलं काय जातंय. वाचून राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हुकूमशाही होती म्हणून गरिबी हटली."

गरिबी हटली हे खरंच आहे. वर्ल्ड बँकेच्या हिशेबानं 40 वर्षांत 80 कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर आली, एवढं मोठं काम जगात दुसरं झालेलं नाही आणि ते मी नाकारत नाहीये. पण श्रेय कुणाला? हाच कम्युनिस्ट पक्ष, हीच एकहाती सत्ता 1959 ते 61 मध्येही होती, आणि तेव्हा दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, कारण खालून वर धान्याचे खोटे आकडे जात राहिले आणि "साहेब, लोक उपाशी मरतायत" हे वर जाऊन सांगायची कुणाची छाती नव्हती.

पुढे बदललं कसं ते बघा. आन्ह्वेई प्रांतात श्याओगांग नावाचं एक गाव आहे. 1978 च्या हिवाळ्यात तिथले 18 शेतकरी रात्री एका मातीच्या घरात जमले आणि त्यांनी एका कागदावर लिहून काढलं की सामुदायिक जमीन आम्ही गुपचूप घराघरात वाटून घेतोय, सरकारचा वाटा सरकारला देऊ, उरलेलं ज्याचं त्याचं, आणि यापायी कुणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची पोरं 18 वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. खाली लाल अंगठे उठवले. पुढच्या वर्षी त्या गावात असं पीक आलं की जे गाव दरवर्षी भीक मागायला बाहेर पडायचं त्यानं सरकारला धान्य घातलं. तेव्हा देशाची सूत्रं हाती घेतलेल्या डंग श्यावपिंगच्या लोकांनी शहाणपणा केला तो एवढाच की या माणसांना पकडलं नाही, उलट तीच पद्धत देशभर पसरू दिली. म्हणजे पीक आलं ते पकड सैल झाल्यावर आलं, आवळल्यावर नाही. आणि आता उलटी गाडी चाललीय, डंगच्या काळात राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्मची मर्यादा घातली होती, ती मार्च 2018 मध्ये काढून टाकली, बाजूनं 2,958 मतं आणि विरोधात 2.

"चीन कुणाच्या भानगडीत पडत नाही, फक्त धंदा करतो."

सगळ्यात जास्त वाजलेला मुद्दा हाच आणि सगळ्यात खोटाही हाच. 2010 मध्ये लिउ श्याओबो यांना शांततेचं नोबेल मिळालं. ते लेखक, लोकशाही मागितली म्हणून तुरुंगात, त्यामुळे ओस्लोच्या समारंभात पदक एका रिकाम्या खुर्चीवर ठेवलं गेलं. बक्षीस देते ती समिती, नॉर्वेचं सरकार नाही, तरी चीननं नॉर्वेशी बोलणंच बंद केलं, त्यांच्या सॅमन माशाची चीनमधली विक्री पार बसली आणि हे सहा वर्षं चाललं. डिसेंबर 2016 मध्ये समेट झाला तेव्हा नॉर्वेला लिहून द्यावं लागलं की चीनच्या मूळ हितसंबंधांना बाधा येईल अशा कशाला आम्ही पाठिंबा देणार नाही. लिउ पुढच्याच वर्षी कैदेत असतानाच कॅन्सरनं गेले. ज्या देशात हे बक्षीस दिलं जातं त्या देशाकडून असं लिहून घेणं याला धंदा म्हणायचं का?

ऑस्ट्रेलियानं एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या उगमाची चौकशी मागितली, महिन्याभरात त्यांच्या बार्लीवर 80 टक्क्यांच्या वर कर बसला, पुढे वाइनवर 200 टक्क्यांच्या वर. कारण कागदोपत्री वेगळं दाखवलं होतं, पण पुढे संबंध सुधारले तसे हे कर उठले, त्यावरून समजायचं ते समजतं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 2018 मध्ये चीननं, जो तैवानला आपलाच भाग म्हणतो, जगभरच्या विमान कंपन्यांना तैवानचं नाव बदला म्हणून नोटिसा धाडल्या आणि एअर इंडियानं, जी तेव्हा सरकारी होती, आपल्या वेबसाइटवर मुकाट्यानं "चायनीज तैपेई" करून टाकलं.

आणि मुंबईच्या लोकांनी तरी हे विसरू नये. साजिद मीर, 26/11 चा कट आखणाऱ्यांपैकी एक, त्याला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकायचा भारत आणि अमेरिकेचा प्रस्ताव जून 2023 मध्ये चीननं अडवला. मसूद अझहरच्या बाबतीत तर अनेक वर्षं हेच केलं, 2019 मध्ये हात काढला. सीएसएमटीवर गोळ्या खाल्लेल्या माणसांच्या भानगडीत चीन पडलाय, हे ग्रुपवरच्या मंडळींनी नीट वाचा.

एक मात्र मान्य करतो, हंबनटोटाचं बंदर चीननं कर्जात अडकवून लुटलं ही जी गोष्ट चीनविरोधी मेसेजमध्ये फिरते ती तेवढी सरळ नाही. बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या लीजवर गेलं हे खरं, पण श्रीलंकेच्या डोक्यावर खुल्या बाजारातल्या बाँडचं कर्ज चिनी कर्जापेक्षा जास्त होतं आणि त्यांच्या राज्यकर्त्यांनी स्वतःच उधळपट्टी केली होती. खोट्याला खोट्यानं उत्तर द्यायची गरज नाही.

"तिथली जनता खूश आहे."

असेलही बरीचशी, पण विचारणार कुणाला आणि सांगणार कोण? नोव्हेंबर 2022 मध्ये शिनजियांग प्रांतातल्या उरुमची शहरात एका बिल्डिंगला आग लागून 10 जण गेले, कोविडच्या लॉकडाऊनमुळे सुटका अडली असं लोकांचं म्हणणं होतं, आणि शांघाय, बीजिंगमध्ये तरुण पोरं-पोरी रस्त्यावर आली ती हातात कोरा ए-फोर कागद घेऊन. लिहिलं तर पकडतील म्हणून कोरा. हाँगकाँगला 50 वर्षं स्वायत्तता देऊ असा ब्रिटनशी करार होता, 1997 पासून मोजायला लागा, 2020 मध्येच नवा सुरक्षा कायदा आला आणि जून 2021 मध्ये सरकारवर टीका करणारं तिथलं ॲपल डेली हे वर्तमानपत्र बंद पडलं. शेवटच्या अंकाच्या 10 लाख प्रती छापल्या आणि लोक मध्यरात्रीपासून स्टॉलपुढे रांगा लावून उभे होते. खूश माणसं बंद पडणाऱ्या पेपरसाठी मध्यरात्री रांग लावत नाहीत.

आणि हे चिनी माणसाच्या द्वेषातून लिहीत नाहीये. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 ला तिकडे गेले ते जखमींची सेवा करता करता 1942 मध्ये तिथेच वारले, ते नातं आपलं त्या माणसांशी आहे. त्या माणसांची बाजू घ्यायची म्हणूनच हे लिहितोय.

"अमेरिका तरी कुठे..."

नाहीच आहे. इराकचं युद्ध खोट्या कारणावर झालं, आणि 2025 मध्ये भारतावर 50 टक्के टॅरिफ लावताना त्यांनीही तोच दंडुका वापरला. पण इराकचं खोटं अमेरिकेतल्याच पत्रकारांनी आणि त्यांच्याच सिनेटच्या समितीनं बाहेर काढलं. बीजिंगच्या तियानआनमेन चौकात 1989 ला लोकशाही मागणाऱ्यांवर लष्कर घातलं तेव्हा नक्की किती मेले हे चीनमध्ये आजही विचारता येत नाही. एकाचं पाप दाखवून दुसऱ्याचं धुतलं जात नाही, एवढंच.

"आपलं काय जातंय?"

2025 मध्ये चीननं रेअर अर्थ चुंबकांची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांची, निर्यात आवळली तेव्हा इथे पुण्यात बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन घसरलं. ऑक्टोबर 2022 मध्ये शिनजियांगमधल्या उइघुर मुस्लिमांवरच्या अत्याचारांवर नुसती चर्चा करायची का यावर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत मतदान झालं, 17 विरुद्ध 19 नं चर्चाच नाकारली गेली, नाही म्हणणाऱ्यांत पाकिस्तान आणि इंडोनेशियासारखे मुस्लिम देश होते, आणि आपण तटस्थ राहिलो.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो वुहानचा डोळ्यांचा डॉक्टर, ली वनलियांग. 30 डिसेंबर 2019 ला त्यानं आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, आपल्या ग्रुपसारख्याच ग्रुपवर, लिहिलं की सार्ससारखे सात पेशंट आलेत, घरच्यांना जपा. 3 जानेवारीला पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याचा कागद समोर ठेवला. त्यावर प्रश्न, हे थांबवू शकतोस का, त्यानं लिहिलं "शकतो". समजलं का, लिहिलं "समजलं". आणि लाल अंगठा. 1978 च्या त्या 18 अंगठ्यांमुळे कोट्यवधी लोक जेवले आणि हा एक अंगठा उठवून घेतला तो तोंड बंद करायला. त्याला बोलू दिलं असतं तर साथ आलीच नसती असं मी म्हणणार नाही, पण जे दिवस वाया गेले ते सगळ्या जगाचे गेले, 9 मार्चला पुण्यात पहिले पेशंट सापडले आणि पुढचं आपण सगळ्यांनी आपापल्या घरात बघितलंय.

ली 7 फेब्रुवारी 2020 ला त्याच आजारानं गेला. वेबो या चिनी सोशल मीडियावर त्याच्या शेवटच्या पोस्टखाली चिनी लोक पुढे कित्येक वर्षं येऊन लिहीत राहिले, डॉक्टर, आज परीक्षा होती, डॉक्टर, नोकरी गेली, डॉक्टर, आज इकडे बर्फ पडला.